उघाडीवर नेलेली गाडी

आमची पिकअप रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीने वापरून काढून टाकलेली होती. लिलावातून घरी आली तेव्हा तिचा निळा रंग कसल्याशा रसायनाने जागोजागी खाल्लेला होता, आणि डावा दरवाजा उघडायचा तर आतून कोणाला तरी लाथ घालावी लागायची. पेणहून वडखळकडे जाणाऱ्या रस्त्यावर घराला लागूनच आमचं वर्कशॉप होतं. सासरे तिथे बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. त्यांच्यामागे ह्यांनी आणि धाकट्या भाऊजींनी पंप, भातगिरण्या, लोखंडी दरवाजे असली कामं धरली. ‘हे’ म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आताही घेत नाही.

गाडी घ्यायचं कारण साधं होतं. खाडीकाठच्या खारेपाटात कोणाचा पंप बंद पडला की तो उचलून पेणला आणायचा म्हणजे त्या माणसाचे हाल व्हायचे. त्यापेक्षा दुकानच तिकडे गेलेलं बरं, असं ह्यांचं म्हणणं. त्यांनी पहिल्याच पावसाळ्यात हौद्यातला कुजलेला पत्रा काढून जाड पत्रा ठोकला. केबिनच्या पाठीला गॅसचे दोन सिलिंडर उभे करून साखळीने जखडले. मागच्या उजव्या चाकाच्या बरोबर वर, लाकडाच्या जाड ओंडक्यावर, व्हाइस बसवला. त्यात धरलेल्या लोखंडावर घणाचा घाव घातला तरी गाडी डुलायची नाही. हौद्यावर पाइपाची कमान उभी केली आणि कमानीतून एका बाजूला बाहेर येणारा मजबूत दांडा काढला. त्या दांड्याला चेनपुली अडकवायची आणि जड वजन उचलायचं.

हे सगळं कोणीही करील. पुढचं मात्र ह्यांचंच होतं. ग्राइंडरच्या कणाने ह्यांचा डावा डोळा गेलेला होता. त्यामुळे डाव्या बाजूचं काहीही शोधायचं म्हणजे त्यांना पूर्ण मान वळवावी लागे. म्हणून प्रत्येक पान्याला, हातोड्याला, छिन्नीला त्यांनी हौद्याच्या कडेला एकेक खाच केली, आणि ती अशी की काम करता करता हात मागे नेला की हवी ती वस्तू हाताला लागावी. कोणी एखादा पाना दुसऱ्या खाचेत ठेवला तर ते न बघता ओळखत. मी सुरुवातीला हसायचे. नंतर मलाही सवय झाली, आणि पुढे तर मी गाडी पुसायला चढले तरी डोळे मिटून पकड काढून द्यायचे.

डोळा गेल्यावर ह्यांनी गाडी चालवणं सोडलं. भाऊजी चालवायचे, पण मधली काही वर्षं ते धाटावला कंपनीत मेंटेनन्सला होते, शिफ्ट असायची. तेव्हा मी शिकले. रीतसर लायसन काढलं. बाजारातून गाडी नेताना लोक वळून बघायचे, मग बघायचे थांबले. मी मूळची रोह्याकडची, भातावालाच्या शेतावर वाढलेली. नांगर धरणाऱ्या घरातली मी, स्टिअरिंग धरायला काही फार वेगळं लागलं नाही.

भाऊजी कंपनी सोडून परत आले तेव्हा डोक्यात एक गणित घेऊन आले होते. धाटावच्या एका कारखान्यातून रिकामी पिंपं वडखळला न्यायची, आठवड्यातून ठरलेल्या फेऱ्या, बारमाही काम. गाडी घरचीच होती. अडचण एवढीच की हौद्यात व्हाइस, कमान आणि हत्यारं असताना पिंपं मावणार कुठे? एकदा जेवताना ते म्हणाले, “दादा, एक व्हाइस आणि चार पाने टाकले म्हणून गाडी वर्कशॉपची होते काय? चार महिने ती नुसती दारात उभी असते.”

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पावसात आमची गाडी खरंच दिवसचे दिवस उभी असायची. हे मान खाली घालून जेवत राहिले. ताट संपल्यावर एवढंच म्हणाले, “तुला काय करायचं ते कर.” भाऊजींनी त्याला होकार समजला. मला तो होकार वाटला नव्हता, पण दोघा भावांच्या मध्ये मी काय बोलणार?

त्यानंतर घरात दोघं एकमेकांशी बोलायचे ते कामापुरतं. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी भाऊजींनी व्हाइसचे बोल्ट काढले, कमान उतरवून भिंतीला टेकवली, हत्यारं गोणपाटाच्या पोत्यांत भरून दुकानाच्या कोपऱ्यात रचली. हे त्या वेळी दुकानातच काम करत होते. त्यांनी मान वर केली नाही. रिकामा हौदा धुऊन काढल्यावर भाऊजी त्यात उभे राहून पिंपं किती बसतील ते हाताने मापत होते, आणि ह्यांच्या कानशीचा आवाज जरा जास्तच जोरात येत होता.

सर्वपित्रीच्या सकाळी मी आणि जाऊबाई स्वयंपाकाला लागलो होतो. सासऱ्यांच्या नावाने पान वाढायचं होतं. भाऊजी कपडे करून तयार होते; अकराच्या आत गाडी धाटावच्या गेटवर लावायची होती. तेवढ्यात वडखळच्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ सायकल दामटत आले. मांड्यांपर्यंत चिखल वाळलेला. मी त्यांना ओळखत होते. खाडीकाठच्या एका गावात बांधाची देखभाल तेच बघायचे आणि त्यांचा पंप आमच्याकडेच दुरुस्त व्हायचा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

काका टेकलेही नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडण्यासाठी बांधातून काढलेली दगडी मोरी. तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली लोखंडी झडप असते. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. रात्रीच्या भरतीत त्या झडपेचा खीळ ओवायचा एक कान वाकला, खीळ तुटली, आणि झडप एका बिजागरीवर तिरकी लोंबत राहिली. खारं पाणी आत आलं. पुढची शेतं गेली होती. पहाटेपासून गावाने चिखलाची पोती मोरीत कोंबली होती, पण दुपारचं उधाण त्याहून मोठं होतं.

“पोती ऱ्हायाची नाय,” काका म्हणाले. “झडप बसली नाय तर मागचं सगलं भात जाईल. पोटरीला आलंय, कणीस निघायचं बाकी.”

भात जाईल एवढ्यावर ते थांबत नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. एकदा खार चढला की तो धुऊन जायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. बांधाच्या सरकारी ऑफिसात माणूस पाठवला होता. पण तिथून कोणी येईपर्यंत भरती येणारच होती.

ह्यांनी हात पुसले आणि भाऊजींकडे हात पुढे केला. “किल्ली दे.”

भाऊजी म्हणाले, “दादा, मी शब्द दिलाय. आज पहिली गाडी आहे. नाय पोचली तर दुसरा टपलेलाच आहे.”

ह्यांचा हात तसाच पुढे. काका अंगणात उभे राहून जमिनीकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की इथे आणखी काहीतरी चाललंय.

“आणि चालवणार कोण?” भाऊजींचा आवाज चढला. “बांधावर गाडी घालणार तू? एका डोळ्याने?”

घरातलं कोणी ह्यांच्या डोळ्याबद्दल असं बोललं नव्हतं. जाऊबाई दारात आल्या. माझ्या हाताला पीठ होतं. मी म्हटलं, “मी चालवते.”

भाऊजी माझ्याकडे वळले. “वहिनी, तो डांबरी रस्ता नाय.”

“ठाऊक आहे मला.”

त्यांनी किल्ली ह्यांच्या हातात दिली नाही. ऐरणीवर ठेवली, चपला घातल्या आणि रोह्याची एसटी पकडायला निघून गेले. जाऊबाईंनी माझ्या हातातलं भांडं घेतलं. पानाचं मी बघते, एवढंच त्या म्हणाल्या.

मग धावपळ झाली. कमान चढवायलाच खूप वेळ गेला. काका आणि मी पाइप धरून होतो, हे बोल्ट आवळत होते. व्हाइस बसवायला वेळच नव्हता, तो तसाच उचलून हौद्यात ठेवला. पोती उचलून टाकली. सिलिंडर बांधले. नव्या खिळीसाठी पोलादी सळीचा तुकडा ह्यांनी घेतला. काकांची सायकलही वर टाकली. गाडी सुरू केली तेव्हा मागे सगळं खडखडलं. एरवी ती गाडी खड्ड्यातून गेली तरी तिचा इतका आवाज यायचा नाही. हे माझ्या शेजारी बसून तो खडखडाट ऐकत होते आणि त्यांचा जबडा आवळलेला होता.

वडखळ गाठलं, डांबरी रस्ता सोडला. मुरमाचा रस्ताही गावापर्यंतच होता. पुढे बांध. मी गाडी थांबवून खाली उतरले आणि बांध बघून आले. गाडीच्या रुंदीला जेमतेम पुरणारा, वरून गवताने हिरवा, आत किती भिजलेला ते कळायला मार्ग नाही. एका बाजूला भात उभं, दुसऱ्या बाजूला खाडीचा काळा गाळ आणि खूप लांब, उतरलेलं पाणी. उघाडी तिथून दिसत होती. तिच्यावर माणसं उभी होती. काका म्हणाले, बैलगाडी जाते. गाडी कधी गेली का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. काका पुढे चालत होते. ते जिथे पाय जोराने आपटून बघत तिथेच मी चाक नेत होते. दोनदा मागचं चाक खाडीकडे घसरलं आणि परत वर आलं. हे खिडकीतून मान बाहेर काढून चाक बघत होते. “चल,” एवढंच म्हणायचे, किंवा “थांब.” उघाडीवरच्या दगडी भागावर चाकं आली तेव्हा मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. पण तो दगडी भाग अरुंद होता. पुढची चाकं त्यावर, मागची अजून मातीवर, अशीच गाडी उभी करावी लागली. कारण तशी उभी केली तरच कमानीचा दांडा झडपेच्या बरोबर वर येत होता.

हे खाली उतरले. मोरीच्या तोंडाशी गुडघ्याइतकं पाणी होतं आणि ते पोत्यांच्या फटींतून अजून बाहेर वाहत होतं. गावातली दोन धट्टीकट्टी माणसं त्यांच्याबरोबर उतरली. मोडक्या खिळीचा अर्धा भाग दगडातल्या कानात अडकलेला होता. तो ठोकून काढायला सुंबा हवा, म्हणजे बोटाएवढं बोथट पोलाद. ह्यांनी वर हात केला. मी पहिल्या पोत्यात हात घातला. पाने, छिन्न्या, कानशी, साखळी, सगळं एकात एक. दुसरं पोतं उपसलं. तिसरं बांधावर उलटं केलं. काका आणि मी गवतात गुडघ्यांवर बसून शोधत होतो, आणि हे खालून हात तसाच वर धरून उभे होते. एरवी तो सुंबा सिलिंडरच्या शेजारच्या खाचेत असायचा. मला ती खाच दिसत होती. ती रिकामी होती.

सुंबा मिळाला नाही. कुठल्या पोत्यात राहिला की दुकानातच पडला, आजवर कळलं नाही. शेवटी ह्यांनी गॅसची ज्योत लावून तो तुकडा जाळून काढला. त्यात बराच वेळ गेला. त्या वेळात मी खाडीकडे बघितलं तेव्हा मघाची लांबची पाण्याची रेघ जवळ आलेली होती. मोरीतून बाहेर वाहणारं पाणी थांबलं होतं.

झडपेचा खालचा कोपराही गंजून फाटलेला निघाला. तो न बुजवता झडप बसवून काही उपयोग नव्हता. पत्रा आणला नव्हता. एरवी हौद्याच्या तळाला एक-दोन तुकडे पडलेले असायचे, ते भाऊजींनी हौदा धुताना काढले होते. ह्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मागचा फाळका काढ,” म्हणाले. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं झाकण. त्यांनीच बसवलेला जाड पत्रा. मी आणि एका माणसाने तो बोल्टांसकट काढून खाली दिला. सायकलच्या ट्यूबचे तुकडे मध्ये घालून तो झडपेच्या कोपऱ्यावर आवळला गेला. काकांनी आपल्याच सायकलची ट्यूब कापून दिली होती.

मग झडप उचलायची वेळ आली. चेनपुलीची साखळी ओढायला लागल्याबरोबर गाडी खाडीकडे कलली. मी केबिनमध्ये होते. हँडब्रेक त्या गाडीचा कधीच भरवशाचा नव्हता, म्हणून चाकांना दगड लावून मी ब्रेकवर पाय दाबून बसले होते. गाडी कलताच काका ओरडले आणि बांधावरची माणसं हौद्याच्या शेताकडच्या कडेवर चढून बाहेर झुकली. गाडी थोडी सावरली. पण मागचं खाडीकडचं चाक मातीवर होतं. ती माती दबतेय हे मला बसल्या जागी कळत होतं. सीट हळूहळू माझ्या उजव्या मांडीखालून खाली जात होती.

मला हे दिसत नव्हते. आरशात फक्त दांडा, ताणलेली साखळी आणि बांधाची कड दिसत होती. खाली काय चाललंय ते काका खिडकीशी उभे राहून सांगत होते. झडप वर आली. पाणी मांड्यांना लागलं. कान सरळ करायला ज्योत लावली. ज्योतीचा फर्र आवाज मला ऐकू यायचा आणि तो थांबला की घणाचे घाव. पाणी कमरेला. एकदा घाव थांबले आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. मी काकांना विचारलं काय झालं. ते म्हणाले, खीळ जात नाय, कान समोर येत नाय.

गाडी दोन बोटं पुढे घ्यावी लागणार होती.

ह्यांनी खालून सांगितलेलं काकांनी मला सांगितलं आणि सांगताना त्यांचाही आवाज बदलला. पुढे घ्यायची म्हणजे चाकांसमोरचे दगड काढायचे आणि ब्रेक सोडायचा. ब्रेक सोडून क्लच धरेपर्यंतच्या क्षणात गाडी पुढेच जाईल की खाडीकडे सरकेल ते सांगता येत नव्हतं. सरकली तर झडप खाली, आणि झडपेखाली हे.

“त्यांना बाहेर यायला सांगा,” मी म्हटलं.

काका वाकून बोलले. परत आले. “नाय म्हणतात. खीळ आतून धरावी लागते. तू घे म्हणतात.”

मी खिडकीतून मागे बघायचा प्रयत्न केला, पण पाय ब्रेकवर असताना तेवढं वळता येईना. घाम डोळ्यांत जात होता. मी टाच जमिनीला घट्ट टेकवली, पुढचा पंजा तसाच ब्रेकवर ठेवला आणि पंजाच्या कडेने ॲक्सिलरेटर दाबायला लागले. असं मला कोणी शिकवलं नव्हतं. क्लच इतका हळू सोडला की इंजिनचा आवाज बसत बसत बंद पडायच्या बेताला आला. गाडी हलली. पुढे हलली. खाली लोखंडावर लोखंड घासलं.

“पाय नको काढू, बाय,” काका म्हणाले. “आता नको काढू.”

मी क्लच परत दाबला, ब्रेक पूर्ण दाबला. मागच्या चाकाखालून मातीचं एक ढेकूळ सुटून पाण्यात पडलेलं ऐकू आलं. मग दुसरं. हौद्यातली माणसं आणखी बाहेर झुकली. कोणीतरी देवाचं नाव घेत होतं. घणाचा एक घाव आला, मग एकामागून एक येत राहिले. मी ते मोजले नाहीत, मोजायचा धीर नव्हता. पाणी छातीला लागलं असं काकांनी सांगितलं नाही. ते मला मागाहून कळलं.

मग चेनपुलीची साखळी सैल झाली. गाडी आपोआप उचलल्यासारखी सरळ झाली. काका खिडकीपासून पळत गेले. बांधावर ओरडा झाला, आणि तो कसला हे न कळल्यामुळे मी पाय तसाच दाबून बसून राहिले. शेवटी हे स्वतःच खिडकीशी आले. केसांपर्यंत गाळ, हात कोपरापर्यंत खरचटलेले. त्यांनी आत हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मला पाय उचलता येत नव्हता. त्यांनी दार उघडून तो हाताने उचलून बाजूला ठेवला.

भरतीने झडप दाबून धरली. ट्यूब घातलेल्या कोपऱ्यातून बारीक धार येत राहिली, तिच्यावर गावकऱ्यांनी आतून चिखल थापला. पुढची शेतं रात्रीच गेली होती, त्यांचं काही करता आलं नाही. मागची वाचली.

गाडी मात्र बांधावरून परत काढता आली नाही. मागचं चाक एक्सलपर्यंत रुतलं होतं आणि वळवायला जागा नव्हती. खाडीकडच्या ढासळलेल्या कडेवर उधाणाच्या पाण्यात ते चाक बेअरिंगांपर्यंत बुडताना आम्ही बघत उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी ओहोटीला गावाने दोर लावून ती ओढून काढली. खाऱ्या पाण्याने पुढच्या वर्षात तिची चासी पोखरली. हे जोडत राहिले, आणि ती अजून काही वर्षं चालली.

त्या दुपारी काकांच्या घरी आम्ही जेवलो. त्यांच्या पितरांचं पान वाढून झालं होतं. ओट्यावर हे आणि मी दोघंच असताना मला एकदम राग आला. छातीपर्यंत पाणी आल्याचं तिथल्या माणसांच्या बोलण्यातून नुकतंच कळलं होतं. मी विचारलं, “बाहेर का आला नाहीत?”

ते पानावरचा भात चिवडत होते. म्हणाले, “गाडी सरकायला लागली असती तर तू ओरडली असतीस. तू ओरडली नाहीस.”

ओरडायला माझ्या घशातून आवाज निघाला असता का, हे मला माहीत नव्हतं. त्यांना ते सांगावंसं वाटलं नाही. अजूनही कधी बसल्या बसल्या पोटरीत गोळा येतो तेव्हा तो ब्रेक पायाखाली जाणवतो, आणि जे वाटतं त्याला धाडस म्हणवत नाही.

संध्याकाळी दुसऱ्या गाडीने आम्ही घरी पोचलो. भाऊजी आमच्याही नंतर आले. झडप बसली का, असं त्यांनी विचारलं. बसली, असं ह्यांनी सांगितलं. पिंपांचं काम दुसऱ्याकडे गेलं हे आम्हाला जाऊबाईंकडून कळलं. दिवाळीनंतर भाऊजींनी रोह्याला बिऱ्हाड हलवलं, एकाच्या भागीत टेम्पो घेतला, तिकडेच जम बसवला. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. सणाला येणं-जाणं राहिलं. दोघं भाऊ अंगणात बसून पावसापाण्याचं बोलायचे. त्या दिवसाबद्दल त्यांनी एकमेकांजवळ चकार शब्द काढला नाही.

हे वारल्यानंतरच्या वर्षी मी रोह्याला भाऊजींकडे राहायला गेले होते. दुपारी ओटीवर वाल सोलत बसलो होतो. भाऊजींचे केस पिकले होते. बोलता बोलता ते म्हणाले की त्या दिवशी ते एसटीने थेट धाटावला गेले होते. आज गाडी येणार नाही असं कारखान्याच्या गेटवर जाऊन सांगावं, म्हणून. गेटवरच्या साहेबाने विचारलं, गाडी कुठे आहे.

“बंद पडली म्हटलं असतं तर उद्याचा दिवस मिळाला असता,” भाऊजी म्हणाले. “तसं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. दादाची चीड होती डोक्यात. पण तोंडातून निघालं, गाडी कामावर गेलीय. तो म्हणाला, मग आमच्याकडे कशाला आलात?”

शिफ्ट सुटेपर्यंत ते गेटसमोरच्या टपरीवर बसून राहिले होते. झडप बसली नाही, काही वाईट झालं, असं ऐकायला मिळेल म्हणून घरी यायची हिंमत होईना.

“ह्यांना सांगितलं होतंत हे?” मी विचारलं.

“नाय. त्याने विचारलं कुठे.”

त्यांनी सोललेले वाल माझ्या ताटात टाकले आणि सालं गोळा करायला लागले. आतून जाऊबाईंनी चहाला हाक मारली.